मडगार्डवरची जागा

६ जुलै

दुपारी सामानासह येथे पोहोचलो. प्रवास सुखाचा झाला, असे लिहिण्यास हरकत नाही. मारेगाव सोडल्यानंतर रस्ता अरुंद होत जातो; दोन्ही बाजूंना वीतभर उंचीची कपाशी आणि तिच्या ओळींतून तण काढीत चाललेले डवरे. टेम्पोचालकाने वाटेत चौकशी केली, तेव्हा माझे नाव कोणासही ठाऊक नव्हते. शीलाचे नाव सांगताच लोकांनी हात लांब करून वाट दाखवली. ती असताना आम्ही जेथे जेथे जात असू तेथे हेच होत असे. ती गेल्यावरही तिची ओळख माझ्या उपयोगी पडली, याचा मला आनंद झाला.

घर सासऱ्यांनी बांधलेले, विटा-सिमेंटचे, तीन खोल्यांचे. झाडून घेतल्यावर राहण्यास उत्तम. मागे पत्र्याचा प्रशस्त गोठा आहे. गुरे फार पूर्वीच गेली. तेथे ताडपत्रीखाली सासऱ्यांचा ट्रॅक्टर उभा आहे, आणि त्याच्यासाठीच मी आलो आहे.

शेजारच्या धुरपताबाई चहा घेऊन आल्या. शीलाला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलेले. मी किती दिवसांसाठी आलो, असे त्यांनी विचारले. निश्चित ठरलेले नाही, असे मी सांगितले. त्यावर, सासुरवाडीत फार दिवस राहिलेल्या जावयावर कुत्रेही भुंकत नाही, असे त्या म्हणाल्या आणि संध्याकाळी भाकरी व ठेचा पाठवून दिला. मी हसलो. जानेवारीत शीला गेल्यानंतर प्रथमच.

९ जुलै

ताडपत्री काढली. यंत्र दोन सिलिंडरचे, साठच्या दशकात परदेशातून आलेले. मूळचा लाल रंग बॉनेटच्या आतल्या बाजूस तेवढा शिल्लक आहे. सासरे वारल्यापासून ते जागचे हललेले नाही. टायर बसलेले, एअर क्लीनरमध्ये उंदरांचे घर, इंजिन जाम. मी अमरावतीच्या महाविद्यालयात आयुष्यभर उष्मागतिकी शिकवली. इंजिनाचे आदर्श चक्र फळ्यावर असंख्य वेळा काढले. परंतु खरे इंजिन उघडण्याचा प्रसंग कधी आला नाही. शीला यावरून मला चिडवीत असे.

डाव्या मडगार्डची कड झिजून गुळगुळीत झाली आहे. ती तिची जागा. वडील ट्रॅक्टर चालवीत आणि ती लहानपणापासून तेथे, त्यांच्या शेजारी बसत असे. आमच्या लग्नात पाठवणीसाठी जीप फुलांनी सजवली होती. शीला शालू सावरीत सरळ गेली ती मडगार्डवर जाऊन बसली. मी सजवलेल्या जीपमध्ये एकटा, ट्रॅक्टरच्या धुरामागून फाट्यापर्यंत गेलो. तिने एकदाही वळून पाहिले नाही. फाट्यावर उतरली, डोळे पुसले आणि मला म्हणाली, "आता चला, कुठी नेता तं."

या गावात हल्ली पोळ्याच्या रांगेत बैलांबरोबर ट्रॅक्टरही उभे करतात. आपल्या बाबांचाही एकदा उभा करू, असे ती दर वर्षी म्हणे. या पोळ्याला तो उभा राहील.

१६ जुलै

मारेगावहून जमीरभाई मिस्त्री आले. त्यांचे वडील अब्दुल गनी यांनी हेच इंजिन पूर्वी याच गोठ्यात उघडले होते. जमीरभाईंनी हँडल लावून पाहिले, बॉनेटला कान लावला आणि इंजिन जाम आहे, मेलेले नाही, असा निर्वाळा दिला. दोन्ही सिलिंडरमध्ये डिझेल व जुने ऑइल ओतून ठेवले आहे; ते झिरपेपर्यंत बळ लावायचे नाही. काम करताना ते सतत बोलतात. अब्बा इंजिन ऐकताना एक डोळा मिटून घेत, त्यांच्या दाढीला अत्तराचा आणि डिझेलचा एकत्र वास येई, आणि मडगार्डवर बसून शीलाताई त्यांना हुकूम सोडी, हे सर्व आज समजले. माझ्या हातातला पाना पाहून मात्र ते थांबले.

"भाऊजी, पाना असा धरते का कोनी? खडू नाई हाय तो."

२९ जुलै

इंजिन मोकळे झाले. हँडलला प्रथम किंचित, मग अर्धा फेरा आणि अखेर पूर्ण फेरा मिळाला, तेव्हा जमीरभाईंनी मला मिठी मारली. मला अशा गोष्टींची सवय नाही, परंतु मी हात मागे घेतले नाहीत. लायनर व रिंगा वणीहून आणल्या. रेडिएटरची गळती डाग देऊन बंद केली. मी पत्रे घासतो, रंगापूर्वीचा हात मारतो, नटबोल्ट डब्यांत लावून ठेवतो.

काम करताना मी शीलाशी बोलतो. अमरावतीच्या घराच्या गच्चीवर तिने फुटक्या टाकीत अंबाडी लावली होती. पहिल्या भाजीचा घास घेऊन, "ही किंचित अधिक आम्ल झाली आहे," असे मी म्हणालो होतो. ती हसता हसता पायरीवर बसली. "तुमी घरात तरी मानसावानी बोलत जा," असे म्हणाली. पुढे कित्येक वर्षे घरात काहीही बिघडले, अगदी मिक्सर जळाला तरी, ते 'किंचित अधिक आम्ल' झालेले असे.

१५ ऑगस्ट

ट्रॅक्टर जोडून झाला. रंग देखणा आला आहे. परंतु तो सुरू होत नाही. नोझल तपासले, पंपातील हवा काढली, दाब योग्य आहे, आणि तरीही हँडल मारून मारून हात सोलले. जमीरभाईही थकले. फिल्टर पुन्हा उघडण्यासाठी टाकी रिकामी करून ते गेले. आता सणानंतरच येतील. तोवर नवरदेवाला लोटत मांडवात न्या, असे म्हणाले.

माझा पोळ्याचा बेत धुरपताबाईंच्या कानी गेला. त्या तूर निवडीत ओट्यावर बसल्या होत्या. ज्या घरात वर्ष उलटलेले नाही त्या घरी सण करीत नाहीत, हे मला ठाऊक होतेच. त्यांचा आक्षेप वेगळा होता. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकून त्यांना दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे आवतन देतात. दुखवट्याच्या घरातून ते आवतन जाता कामा नये, असे त्यांचे म्हणणे.

"आवतन कोन कोन आयकते, आपल्याले दिसत नाई, जावाईबापू," त्या खाली पाहूनच म्हणाल्या. "ज्याले बोलावलं थो येत नाई. दुसराच जेवून जाते."

मी नम्रपणे सांगितले की असल्या समजुतींवर माझा विश्वास नाही.

२१ ऑगस्ट

आज खांदशेकणी. ट्रॅक्टरचे खांदे कोठे असतात, याविषयी मी बराच वेळ विचार केला आणि मडगार्ड हेच उत्तर योग्य ठरवले. तूप व हळद कोमट केली, पळसाच्या पानाने दोन्ही मडगार्डांना लावली. शीलाच्या घरी म्हणत तेच शब्द म्हणालो. माझ्या जिभेला ते वळण नाही, तरी तिच्याच बोलीत म्हणालो. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

अचूक लिहावयाचे तर, हे शब्द उच्चारताना मी ट्रॅक्टरकडे पाहत नव्हतो. डाव्या मडगार्डच्या झिजलेल्या कडेकडे पाहत होतो.

२२ ऑगस्ट. पोळा

सर्व एकदम लिहावेसे वाटते. तरी क्रमाने लिहितो.

मारेगावच्या खानावळीतून आणलेली पुरणपोळी पळसाच्या पानावर वाढून बॉनेटवर ठेवली. केवळ विधी म्हणून हँडल एकदा फिरवले. इंजिन सुरू झाले. एकाच फेऱ्यात, धूर न सोडता, शांतपणे. मी आनंदाने सीटवर चढून बसलो.

मडगार्ड करकरले. कोणी वजन टाकल्यावर पत्रा करकरतो तसे. भर दुपार होती, गोठ्यात लख्ख उजेड होता. शीला बसली होती. शालूमध्ये. हळदीचा वास, केसांतला घाम, बांगड्या भरताना मनगटावर पडलेला ओरखडा. मी तिच्या वडिलांच्या सीटवर होतो आणि ती माझ्या शेजारी. वाटेवरची कपाशी दोन्ही बाजूंनी मागे जात होती. फाटा आला. ती माझ्याकडे वळली आणि काहीतरी म्हणाली. मी इतका सुखी कधीच झालो नव्हतो.

मग इंजिन आपोआप बंद पडले. पुरणपोळी तशीच होती. पोळ्याच्या रांगेत जायचे राहून गेले.

२४ ऑगस्ट

काल आणि आजही. दोन्ही वेळा एकाच फेऱ्यात सुरू झाला. काल ती गच्चीवर होती, हिरव्या पानांची ओंजळ घेऊन, आणि इतकी हसत होती की मडगार्ड हलत होते. आज आमची मुलगी प्रियंका पोटात असतानाची. बाकावर बसून आवळे खात होती.

मी भ्रमिष्ट झालेलो नाही. नाडी, झोप, भूक, सर्व ठीक. मला एवढेच समजते की ती आली आहे. विज्ञानाला याचे उत्तर देता येत नसेल तर तो विज्ञानाचा प्रश्न.

पीडा बाहेर राहावी म्हणून पोळ्याला लावतात त्या पळसाच्या फांद्या धुरपताबाईंनी दारावर लावण्याऐवजी आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवर, माझ्या बाजूस तोंड करून लावल्या आहेत.

२७ ऑगस्ट

जमीरभाई आले. ट्रॅक्टर सुरू झाल्याचे ऐकून प्रसन्न झाले. फिल्टरसाठी टाकी उघडली. टाकी कोरडी होती. त्यांनीच ती रिकामी केली होती. मी डिझेल भरले का, असे त्यांनी विचारले. मी भरलेले नाही. त्यांनी टाकीच्या तळाशी कापड फिरवून मला दाखवले.

मी हँडल मारले. इंजिन सुरू झाले. जमीरभाई सीटवर बसले आणि पाहता पाहता त्यांचा एक डोळा मिटला. बराच वेळ ते डाव्या बाजूस मान वळवून, खालच्या आवाजात कोणाशी तरी बोलत होते. इंजिन बंद पडल्यावर उतरले, चेहरा दोन्ही हातांनी पुसला. अब्बा बसले होते, एवढेच म्हणाले. काम न करता निघून गेले.

३० ऑगस्ट

जळणाशिवाय इंजिन चालत नाही. हे वाक्य मी आयुष्यभर फळ्यावर लिहिले. टाकी कोरडी असेल तर दुसरे काहीतरी जळत आहे. ते काय, हे शोधणे माझे कर्तव्य होते आणि मी ते टाळले.

आज सहज मागची पाने चाळली. ९ जुलैच्या नोंदीत आमच्या लग्नाच्या पाठवणीचा प्रसंग आहे. जीप, शालू, फाटा. अक्षर माझे आहे. प्रसंग मला माहीत नाही.

तसा काहीसा प्रसंग अंधुक आठवतो, असेही नव्हे. मला तो मुळीच माहीत नाही. २९ जुलैची अंबाडी. 'किंचित अधिक आम्ल' हे शब्द माझ्या तोंडचे वाटतात, पण ते मी कोठे आणि कोणास म्हणालो, तेथे काही नाही. दात पडल्यावर जिभेला लागते तशी जागा आहे.

जो दिवस मडगार्डवर येऊन बसतो, तो उतरताना माझ्यातून जातो.

३ सप्टेंबर

जमीरभाई फाटकाबाहेरच उभे राहिले. आत या म्हटले तरी आले नाहीत. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला सोपे गेले असते. त्यांनी खिशातून एक जुना फोटो काढून माझ्यापुढे धरला आणि हा मनुष्य कोण, असे विचारले. मी सांगितले, आपले वडील असावेत.

"सगळे तेच म्हणते," जमीरभाई म्हणाले. "घरचे बी म्हणते. मले इंजिनचा आवाज आठवते, भाऊजी. आयकनाऱ्याचं थोबाड आठवत नाई."

ट्रॅक्टर कापून भंगारात द्या. कापायला मी येणार नाही, पण द्या, असे सांगून ते गेले.

तेव्हा हा माझ्या मेंदूचा आजार नव्हे. तशी आशा मी बाळगली होती.

५ सप्टेंबर

धुरपताबाईंकडे गेलो आणि सर्व सांगितले. त्यांना आश्चर्य वाटले नाही. शीला आलेलीच नाही, असे त्या म्हणाल्या. जे आले आहे ते जेवायला आले आहे, आणि घरात वाढण्यासारखे जे गोड आहे ते खात आहे. माझ्या घरात दुसरे गोड आहे तरी काय? उपाय एकच: वाढणे बंद करायचे. आवतन देणाऱ्याने ताट वाढले नाही तर पाहुणा उपाशी किती दिवस बसेल?

किती सोपे आहे. हँडल मारायचे नाही.

भंगारवाल्याला दूरध्वनी केला. ते कापून नेले की ती मडगार्डवरची जागाही जाईल, असे मनात आले, आणि पत्ता सांगण्यापूर्वीच मी फोन ठेवला. मग हँडल काढून धुरपताबाईंच्या स्वाधीन केले. मी मागितले तरी देऊ नये, असे बजावले.

जे उरले आहे त्याची उजळणी केली. चिखलदऱ्याचा धुक्यातला दिवस. तिला लुना शिकवली तो. माझ्या आईच्या आजारपणातल्या तिच्या जागरणाच्या पहाटा. प्रियंकाचा पहिला वाढदिवस. माझा विसरलेला डबा घेऊन ती भर वर्गात आली तो दिवस. पुष्कळ आहे. पुरेसे आहे.

१० सप्टेंबर

हँडल मागितले. त्यांनी दिले नाही. मी पुन्हा मागितले. मी अशा स्वरात कधी कोणाशी बोललो नव्हतो. तिच्या आठवणी मनात आहेत हे खरे. पण मनात ती हलत नाही, बोलत नाही, तिला वास नाही. तेथे ती असते. पाव तास असते.

"उपाशी थो पाहुना नाई, तुमी हा," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतले.

११ सप्टेंबर

धुरपताबाई शेतावर गेल्यावर त्यांच्या घरातून हँडल घेतले. आयुष्यातील पहिली चोरी.

चिखलदरा.

असे वर लिहिले आहे. कोणत्या संदर्भात, ते कळत नाही.

१४ सप्टेंबर

प्रियंकाचा नागपूरहून दूरध्वनी. तिला विनंती केली की आईविषयी जे आठवेल ते सांग. तिला बरे वाटले. मी आईविषयी बोलत नाही अशी तिची तक्रार असे. लुनाची गोष्ट तिने रंगवून सांगितली. सोयाबीनच्या ढिगात लुना कशी गेली वगैरे. मी योग्य ठिकाणी हसलो. दुसऱ्या कोणाच्या घरातली हकीकत ऐकावी तसे ते होते. ऐकीव गोष्ट रिकाम्या जागी बसत नाही.

माझा आवाज तिला ठीक वाटला नाही. येते म्हणाली. येऊ नकोस, असे मी ठामपणे सांगितले.

१७ सप्टेंबर

एक प्रयोग. तो हिंमतीने केला, असे मला वाटते.

नेमके काय वाढायचे हे मी ठरवावे. मला नको असलेला दिवस त्याला द्यावा. हँडलपाशी उभे राहून इस्पितळातील तिचा शेवटचा दिवस डोळ्यांपुढे धरला. खाटेची लोखंडी कड, खिडकीवर निळा पडदा, सुईच्या जागी काळा पडलेला हात, तिचा श्वास मोजीत उभा असलेला मी. संपूर्ण धरला. हँडल मारल्यावर इंजिन एकदा गुरगुरले, थांबले. परत मारले. थांबले.

कडू खात नाही.

मग मी दुसरे दिले. कोणते, ते आता सांगता येत नाही.

१९ सप्टेंबर

भिंतीवर छायाचित्र आहे. बाई प्रसन्न आहेत. खाली शीला असे नाव आहे म्हणून मी शीला असे लिहितो.

इस्पितळ मात्र संपूर्ण आहे. निळा पडदा आहे. माझ्या हातात त्यांचा हात आहे — मी एका अपरिचित बाईंना मरताना पाहतो आणि माझे काळीज फाटते. का फाटते, ते नाही.

२० सप्टेंबर

प्रियंका आली. तिला मी ओळखतो. हे लिहून ठेवतो: प्रियंकाला मी ओळखतो. उंच, माझ्यासारखे नाक, बँकेत नोकरीस आहे.

मला यवतमाळला डॉक्टरांकडे नेणार म्हणते. मी सर्व सांगितले, पाने दाखवली. ती रडली. मग तिला राग आला. ट्रॅक्टर हे केवळ यंत्र आहे, हे आत्ताच दाखवते म्हणून ती गोठ्याकडे निघाली. मी दारात आडवा उभा राहिलो. बसू नकोस, असे म्हणालो. स्पष्टपणे म्हणालो. तिने मला अलगद बाजूला केले. माझे वजन फार उतरले आहे.

हँडल तिने मारले. ती सीटवर बसली.

मी थांबवू शकलो असतो. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. तो माझाच पोळ्याच्या दिवशीचा चेहरा होता.

उतरल्यावर ती म्हणाली, "आईनं माझी वेणी घातली, बाबा. घट्ट. दुखलं तरी घट्ट."

२१ सप्टेंबर

ती सकाळी परत बसली. दुपारी मी. संध्याकाळी ती.

डॉक्टरांचा विषय निघाला नाही.

तिला वेणीविषयी विचारले. कसली वेणी, म्हणाली.

२३ सप्टेंबर

पाळ्या ठरवल्या आहेत. भांडण नको म्हणून.

आज माझ्या पाळीस मडगार्डवर शीला नव्हती — तिचे माझ्याकडे काही उरलेले नाही. फ्रॉक घातलेली एक मुलगी होती. पावसात भिजलेली, शाळेतून आलेली. मला घट्ट धरून होती. तिचे नाक —

उतरल्यावर पाहिले तर प्रियंका दारात उभी. ती म्हणाली, तिच्या पाळीस काल मडगार्डवर मीच बसलो होतो. सायकल शिकवत होतो म्हणे.

आम्हा दोघांनाही समजले. आम्ही हँडल लपवले नाही.

२५ सप्टेंबर

स्वयंपाक होत नाही. डब्यातले चुरमुरे.

तिने विचारले, तुमच्या पत्नीचे नाव काय होते. मी पाने चाळून सांगितले. तिने मान हलवली. चांगले नाव आहे, म्हणाली.

२६ सप्टेंबर

शेजारच्या वृद्ध बाई काठी आपटीत आल्या — आरडाओरड नाही, पण डोळ्यांत पाणी. म्हणत होत्या, "बाप-लेक हा तुमी. बाप-लेक. येकमेकाईकडं पाहा तं." आम्ही दोघांनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांचे वय झाले आहे. त्या गेल्यावर — कोणाची पाळी, यावरून थोडे —

मी दिली. तिला दिली.

२७ सप्टेंबर

फक्त ते. दिवसभर —

आता हँडल लागत नाही.

२८ सप्टेंबर

सकाळ. घरात एक तरुणी आहे. सभ्य दिसते. आपण कोण, असे मी विचारले. तिनेही तेच विचारले.  चहा करता येईल का, एवढे ती म्हणाली. साखर सापडली नाही. बिनसाखरेचा घेतला.

पायरीवर बसलो. काही बोलावे म्हणून मी सांगितले, मला फार थोडे आठवते: एक इस्पितळ. खिडकीवर निळा पडदा. खाटेवर एक बाई, त्यांचा हात माझ्या हातात.

तिने कप खाली ठेवला.

तिलाही तीच खोली आठवते. निळा पडदा — काळा पडलेला हात. तिने सांगितले, तेथे एक गृहस्थ उभे होते. ते रडत नव्हते. शिकवल्यासारखे सरळ उभे होते, आणि तिला फार वाटत होते की त्यांनी रडावे —

मी म्हणालो, खाटेच्या पायथ्याशी एक मुलगी बसली होती. पांघरुणाचे टोक मुठीत धरून. मला तिच्यापाशी जायचे होते —

ती माझ्याकडे पाहते आहे. माझ्या नाकाकडे. मी हे तिच्यासमोरच लिहितो आहे, निसटू नये म्हणून. तिचे ओठ हलत आहेत. एकच शब्द आहे, दोन अक्षरांचा, तो तिच्या तोंडाशी आला आहे आणि माझ्या तोंडाशी दुसरा — तिचे नाव — पहिले अक्षर मला —

गोठ्यात इंजिन सुरू झा